बाक आणि विसावा : कारखाना अधिनियमातील एका कलमाची चिकित्सा

काळाचौकी-लालबागच्या कापडगिरण्यांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले, त्यात वेतन, संप आणि बेकारी यांचा विचार विपुल आहे. साच्यापुढे दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या खांद्यांचा, कंबरेचा आणि पोटऱ्यांचा विचार मात्र आपण बहुधा कायद्यावर सोपवून मोकळे झालो. म्हणून त्या कायद्याची शब्दयोजनाच एकदा तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम ४४ चा आशय असा : ज्यांना उभ्याने काम करावे लागते त्यांच्यासाठी बसण्याची योग्य सोय असावी, म्हणजे कामाच्या ओघात विसाव्याची जी संधी येईल तिचा त्यांना लाभ घेता येईल. या तरतुदीमागील सहृदयता नाकारण्याचे कारण नाही. तथापि कायद्याने येथे बाक दिला आहे. विसावा दिलेला नाही. विसावा ‘येईल तेव्हा’ घ्यावयाचा आहे, आणि तो येऊ द्यावयाचा की नाही हे ज्याच्या हाती आहे, तो या वाक्यात कोठेच दिसत नाही.

साचेखात्यात ही गोष्ट साच्यांच्या संख्येवरून ठरे. साध्या साच्यावर धोट्यातील कांडी काही मिनिटांतच संपते. मग साचा थांबवावयाचा, वाकून धोटा काढावयाचा, नवी कांडी घालून धागा ओवून घ्यावयाचा आणि साचा पुन्हा सुरू करावयाचा. उदाहरणादाखल, एक कांडी पाच मिनिटे पुरते असे धरू. दोन साच्यांवर तासाला २४ वेळा, म्हणजे आठ तासांत १९२ वेळा ही क्रिया करावी लागेल; तीन साच्यांवर २८८ वेळा. धोट्याचे वजन तेच, साच्याची उंची तीच, बाकही जागच्या जागी. वाढली ती केवळ आवृत्ती. आणि तिनेच विसाव्याची संधी गिळून टाकली.

हा हिशेब केवळ कल्पनेतला नव्हे. दोनांऐवजी तीन साचे आणि कताईखात्यात एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळण्याची योजना मुंबईच्या गिरण्यांत आली, आणि १९२८ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपाचे ते एक प्रमुख कारण ठरले. इतिहासकार या संपाकडे रोजगाराचा व वेतनाचा लढा म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. परंतु एका देहाकडून किती काम घ्यावे, हाही प्रश्न त्यात होता. कामाची मांडणी माणसाच्या शरीराच्या बेताने करणाऱ्या शास्त्राला ‘एर्गोनॉमिक्स’ हे नाव ब्रिटनमध्ये १९४९ साली देण्यात आले. गिरणगावाने त्याचा मूळ प्रश्न एकवीस वर्षे आधी विचारला होता.

अधिनियमातील इतर तरतुदींतही हीच उणीव आढळते. कलम ३४ इजा होण्याइतके जड ओझे उचलावयास लावण्यास मनाई करते. हलके ओझे शेकडो वेळा उचलण्याविषयी ते मूक आहे. अधिसूचित रोगांच्या तिसऱ्या अनुसूचीत कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा यांना स्थान मिळाले. आखडलेल्या खांद्याला मिळाले नाही. ज्याची नोंद नाही, त्याचा प्रतिबंध कोण करणार?

यावर असा आक्षेप संभवतो की, सलग पाच तासांहून अधिक काम न देता किमान अर्ध्या तासाची सुटी देण्याचे बंधन कलम ५५ ने घातलेच होते. ते खरे आहे. परंतु त्या सुटीत जेवण होते. ताणलेल्या स्नायूचा शीण जाण्यास थोड्या थोड्या वेळाने मिळणारी लहान विश्रांती लागते. ती कामाच्या प्रमाणातच बसवावी लागते.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत आणि १९४८ च्या अधिनियमाची जागा २०२० च्या संहितेने घेतली आहे. उभ्याने करावयाचे काम मात्र संपलेले नाही. ते दुकानांत आणि इमारतींच्या फाटकांवर गेले आहे. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील नोकरांना बसण्याचा हक्क दिला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु त्या दोन्ही सुधारणांत पुन्हा ‘संधी’चीच भाषा आहे. एका माणसाकडे किती काम असावे, हे ठरविल्यावाचून बाक रिकामाच राहील.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजिले आहे. तेथे साचा मांडला जाईलच. त्याच्या शेजारी एका माणसाला असे किती साचे सांभाळावे लागत, हेही लिहिलेले असावे. हे सांगू शकणारी माणसे अद्याप आपल्यात आहेत. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे लवकर जावे.