मराठी विकिपीडियाचे संपादन-नियम आणि नवागत लेखक : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीतील कोशवाङ्मयाची परंपरा समृद्ध आहे, आणि ती बहुतांशी कोणा एका कर्त्या पुरुषाच्या नावाने ओळखली जाते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी भागभांडवल उभारून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड वाचकांच्या हाती दिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या कोशांत कोणी लिहावे हे संपादक ठरवीत असे. एकदा लेखकाची निवड झाली की त्याच्या विद्वत्तेवर विश्वास ठेवला जाई. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने हा क्रम उलटा केला. येथे लेखक कोणीही होऊ शकतो, मात्र लिहिलेले टिकेल की नाही हे नियम ठरवितात. अधिकार व्यक्तीकडून नियमाकडे गेला, म्हणूनच या कोशाची समीक्षा करावयाची तर त्यातील लेखांइतकीच त्याच्या नियमांचीही करावी लागते.

प्रस्तुत लेखात हे नियम एका नवागताच्या नजरेने वाचण्याचा प्रयत्न केला आहे. हा नवागत विसरवाडी परिसरातील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी आहे, असे गृहीत धरले आहे. विसरवाडी हे नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील, धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला, त्याआधी हा सारा मुलूख धुळ्याचा. परिसरात मावची, भिली, कोकणा अशा बोली बोलल्या जातात. अहिराणी आणि गुजरातीही कानावर पडतात. शाळेची आणि कचेरीची भाषा मराठी. असा नवागत निवडण्याचे कारण सरळ आहे. पुण्या-मुंबईच्या विषयांवर छापील ग्रंथ मुबलक असल्याने तेथे नियमांची खरी कसोटी लागत नाही. ती लागते विसरवाडीसारख्या ठिकाणी.

परिभाषेचे वाचन

नवागताला प्रथम भेटतात ते नियम नव्हेत, शब्द. मराठी विकिपीडियाने इंग्रजी संज्ञांसाठी केलेली शब्दयोजना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि आपल्या भाषाविभागांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केले आहे. इंग्रजीतील ‘सँडबॉक्स’, म्हणजे मुलांनी खेळावे म्हणून वाळू भरून ठेवलेला हौद, मराठीत ‘धूळपाटी’ झाला. धूळपाटी म्हणजे फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरविण्याचे पंतोजींच्या शाळेतील साधन. शब्द अत्यंत सुंदर आहे. पण भाषांतरात काहीतरी बदलले हेही लक्षात घ्यावयास हवे. वाळूच्या हौदात मूल एकटे खेळते. धूळपाटीसमोर बसलेल्या मुलाच्या मागे पंतोजी उभे असतात.

‘व्हिलेज पंप’ या शब्दाचे ‘चावडी’ असे रूपांतर अधिक बोलके आहे. पाण्याच्या पंपाशी माणसे सहज जमतात आणि गप्पा होतात. चावडीवर पाटील-कुलकर्णी बसत, सारा वसूल होई, तंटे चालत. गावठाणातल्या माणसाला चावडी आपली वाटते; पाड्यावरून आलेल्याला ती तशी वाटेलच असे नाही. जेथे मनमोकळेपणाने विचारावे, असे ज्या पानाबद्दल अपेक्षित आहे, त्यालाच अधिकाराच्या जागेचे नाव मिळाले. ‘कौल’ हा शब्दही असाच फसवा. विकिपीडियावर निर्णय डोकी मोजून नव्हे, तर युक्तिवाद पारखून सहमतीने घ्यावयाचा असतो. परंतु ‘कौल’ म्हटले की निवडणूक तरी आठवते किंवा देवाला लावलेला कौल. नवागत आपल्या चार मित्रांना घेऊन कौल द्यायला येतो आणि तेथे त्याला खडसावले जाते. यांत चूक त्याची किती आणि शब्दाची किती, हे ठरविणे कठीण आहे. आज्ञावलीने आपोआप संपादने करणाऱ्या यंत्रणेला मात्र ‘सांगकाम्या’ हे नाव देणाऱ्याच्या कल्पकतेला दाद द्यावीच लागेल. गोष्टीतल्या सांगकाम्याप्रमाणे तोही सांगितले तेवढेच करतो, आणि कधीकधी त्यामुळेच घोटाळा करतो.

नियमांची निर्मिती

हे नियम मुळात कोणाला अडविण्यासाठी निर्माण झाले नाहीत, हे येथे नमूद केले पाहिजे. विकिपीडियाच्या आधी त्याच संस्थापकांनी २००० मध्ये ‘न्यूपीडिया’ नावाचा कोश काढला होता. त्यात तज्ज्ञच लिहीत, आणि प्रत्येक लेख परीक्षणाच्या सात टप्प्यांतून जाई. आपल्यासारख्या प्राध्यापकांना तेथे अगदी घरच्यासारखे वाटले असते. पहिल्या वर्षात त्या कोशाचे केवळ २१ लेख पूर्ण झाले. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने हे टप्पे काढून टाकले, आणि त्याची किंमतही मोजली. मे २००५ मध्ये जॉन सीगेन्थॅलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात कोणा अनामिकाने केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचे नाव जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला, आणि तो सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर अनामिकांना नवा लेख सुरू करण्यास मज्जाव झाला, आणि ‘संदर्भ कोठे आहे?’ या प्रश्नाला धार आली.

धार अधिक झाली की ती कोणालाही कापते. इंग्रजी विकिपीडियावरील सक्रिय संपादकांची संख्या २००७ नंतर घटू लागली. ॲरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण शोधले : सद्हेतूने आलेल्या नवागतांची संपादने मोठ्या प्रमाणावर उलटविली जाऊ लागली, ते काम यांत्रिक साधनांनी होऊ लागले, आणि नियम इतके घट्ट झाले की नव्यांना त्यांत बदल सुचविणेही अवघड झाले. गंमत अशी की नवागतांना दुखवू नका असा एक स्वतंत्र संकेत त्याच नियमावलीत आहे. मराठी विकिपीडियाने ही नियमावली बव्हंशी इंग्रजीवरून घेतली. तेथे ज्या आजाराने संपादक घटले त्याचे औषध, येथे आजार होण्यापूर्वीच घेतले गेले, असे म्हणावे लागते. माणसे मुळातच थोडी असलेल्या कोशाला ते मानवेलच असे नाही.

तटस्थता आणि क्रियापद

तीन आशयविषयक नियम प्रमुख आहेत : तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्यता आणि स्वतःचे नवे संशोधन न मांडणे. पैकी पहिल्या नियमाची मराठीत जी अडचण होते ती इंग्रजीत उद्भवतच नाही. इंग्रजीत तृतीयपुरुषी सर्वनामाला आदर-अनादर नाही. मराठीत ‘तो होता’ आणि ‘ते होते’ यांत निवड केल्याशिवाय चरित्राचे पहिले वाक्यही लिहिता येत नाही. मराठी विकिपीडियावरील चरित्रलेखांत दोन्ही पद्धती आढळतात. खेळाडू आणि परदेशी व्यक्ती पुष्कळदा एकवचनात, तर संत, नेते आणि साहित्यिक आदरार्थी बहुवचनात. ‘थोर’, ‘महान’, ‘माननीय’ ही विशेषणे काढून टाकणे सोपे. क्रियापदातून आदर काढणे सोपे नाही. आपल्या समाजातील एखाद्या पुढाऱ्यावर लिहिणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याने ‘ते’ लिहिले आणि अनुभवी सदस्याने तटस्थतेच्या नावाखाली ‘तो’ केले, तर त्या विद्यार्थ्याला त्यात व्याकरण दिसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या माणसांना कोणी अरे-तुरे केले, हे त्याला ठाऊक आहे. अशा वेळी तटस्थता म्हणजे सर्वांना एकच रूप लावणे, मग ते कोणतेही असो, एवढा तरी स्पष्ट निर्णय मराठी नियमावलीत असावयास हवा.

‘संदर्भ हवा’

सर्वांत कठीण नियम पडताळणीचा. नवागत साहजिकच आपल्या गावापासून सुरुवात करतो. महाराष्ट्रातील असंख्य गावांचे लेख विकिपीडियावर आहेत, परंतु त्यांतील अनेकांत ‘लोकजीवन’, ‘प्रेक्षणीय स्थळे’, ‘नागरी सुविधा’, ‘जवळपासची गावे’ असे मथळे आहेत आणि त्यांखाली काही नाही, असलेच तर कोणत्याही गावाला लागू पडणारे वाक्य. विद्यार्थ्याला वाटते, हे तर मी भरू शकतो. तो गावाच्या नावाची व्युत्पत्ती लिहितो. महामार्गावरचे ठिकाण म्हणून ‘विसावा’ या शब्दाशी नाते जोडण्याचा मोह होतो. ‘विसर’ तर समोरच आहे. हे दोन्ही तर्क कोणालाही बसल्या जागी सुचतील असे आहेत, आणि म्हणूनच त्यांपुढे कोणी ‘संदर्भ हवा’ असे लिहिले तर ते योग्यच होय. येथे नियमाची बाजू निःसंशय बरोबर आहे.

पुढे तो घरी बोलल्या जाणाऱ्या मावचीविषयी लिहितो. हे त्याचे तर्क नव्हेत; ही त्याची भाषा आहे. आजी कोणत्या नात्याला काय म्हणते, पेरणीच्या वेळी कोणते शब्द वापरते, हे त्याला जन्मापासून माहीत आहे. तेथेही तीच खूण उमटते. मग संदर्भ म्हणून काय चालते? सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा नवव्या खंडाचा तिसरा भाग चालतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या भागात भिल्ल बोलींचे वर्णन असून त्यात मावचीचाही समावेश आहे. १८८० चे मुंबई इलाख्याचे खानदेश गॅझेटियर चालते. भारताच्या जनगणनेचे कोष्टक चालते, ज्यात मावची ही ‘भिली/भिलोडी’ या शीर्षकाखालील एक मातृभाषा म्हणून मोजली जाते. अर्थात, आजी जिवंत असताना तिच्या भाषेबद्दल शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रज अधिकाऱ्याची साक्ष काढावी लागते. ग्रिअर्सनचे काम मोठे आहे, याविषयी वाद नाही. पण गॅझेटियर हे राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी लिहिले गेले आणि भिल्लांविषयीचा त्यातील सूर बंदोबस्त करणाऱ्याचा आहे. तो सूर ‘संदर्भासहित’ असल्यामुळे कोशात अधिक सहज प्रवेश करतो. नियम येथे छापील आणि सत्य यांत गल्लत करीत नाही, असे त्याचे समर्थक म्हणतील, आणि ते शब्दशः खरेही आहे. नियम सत्याचा दावा करीतच नाही, तो फक्त पडताळणी मागतो. परंतु ज्यांच्याविषयी केवळ इतरांनीच छापले, त्यांच्या वाट्याला या फरकातून फारसे काही येत नाही.

या अडचणीची जाणीव विकिपीडियाच्या वर्तुळातही झाली होती. २०११ मध्ये अचल प्रभला यांनी विकिमीडिया फाउंडेशनच्या साहाय्याने मौखिक संदर्भांचा प्रयोग केला. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतील सेपेडी या भाषांत खेळ, विधी, पेये अशा विषयांवर जाणत्या माणसांची ध्वनिमुद्रणे करून तीच संदर्भ म्हणून वापरण्यात आली. प्रयोगाची चर्चा पुष्कळ झाली. पण तो सर्वसाधारण नियम बनला नाही. त्याला विरोध करणाऱ्यांचा एक आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटतो : आज एका जाणत्या आजीचे मुद्रण संदर्भ म्हणून स्वीकारले, तर उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याने केलेले त्याच्याच स्तुतीचे मुद्रण कोणत्या आधारे नाकारावयाचे? मुद्रण आणि कोश यांच्यामध्ये कोणीतरी पारखणारा असावाच लागतो.

पारखणारा कोण?

आणि येथे प्रश्न आपल्या दाराशी येतो. तो पारखणारा महाविद्यालयातच असावयास हवा होता. मावचीवर, नवापूर तालुक्यातील आठवडे बाजारांवर, महामार्गाने बदललेल्या गावांवर तपासून छापलेले लेखन उपलब्ध असते, तर त्या विद्यार्थ्याला ग्रिअर्सनपर्यंत जावे लागले नसते. अपवाद आहेत, गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड त्यांपैकी ठळक. पण आपली परीक्षित म्हणविणारी नियतकालिके? विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. विकिपीडियाचा सदस्य जेव्हा ‘हा स्रोत विश्वासार्ह आहे काय?’ असे विचारतो, तेव्हा आपल्याला त्याचा राग येतो. परंतु तोच प्रश्न आयोगानेही विचारला होता, आणि आपण त्याचे उत्तर पदोन्नतीच्या गुणांच्या हिशेबातच शोधत राहिलो.

खरे तर या कोशावर प्राध्यापक हा विद्यार्थ्यापेक्षा अधिक अवघड नवागत ठरतो. विद्यार्थी धूळपाटीवर बसायला तयार असतो. प्राध्यापक ‘या विषयात माझी पीएच.डी. आहे’ असे चर्चापानावर लिहितो, आणि तेथे त्या वाक्याला काहीच वजन नसल्याचे पाहून पुन्हा फिरकत नाही. नवे संशोधन मांडू नका, हा नियम त्याला तर अपमानच वाटतो. वास्तविक त्यात आपल्या कामाची सरळ वाटणी आहे : संशोधन नियतकालिकात, त्याचा गोषवारा कोशात. पहिला भाग आपण केला नाही, आणि दुसरा विद्यार्थ्याने एकट्याने करावा अशी अपेक्षा ठेवली. कार्यशाळेत तासाभरात खाते उघडून पाठ्यपुस्तकातील उतारा चिकटवायचा, प्रमाणपत्र घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी प्रताधिकारभंगासाठी तो उतारा वगळला जायचा, याला नियम शिकणे म्हणत नाहीत.

मौखिक ज्ञान कोशात नेण्याची नियमाला धरून असलेली वाट लांबची आहे, पण बंद नाही. बोलणाऱ्याची संमती, त्याचे गाव, मुद्रणाची तारीख आणि भाषा नोंदवून ध्वनिमुद्रण ग्रंथालयात ठेवावे. दोन-तीन गावांतील माणसांचे सांगणे ताडून पाहावे. जुळत नाही ते जुळत नाही असेच लिहावे. आणि हे सारे त्या भाषेच्या जाणकार परीक्षकाकडून तपासून घेऊन सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करावे. तो परीक्षक मावची बोलणारा असावा, ही अट आपल्याकडे अद्याप कोणी घातलेली माझ्या पाहण्यात नाही. लेख प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या कर्त्याने स्वतःच कोशात जाऊन आपला संदर्भ जोडू नये. हितसंबंधाच्या संकेतानुसार तो चर्चापानावर सुचवावा आणि दुसऱ्या कोणी वाचून, पटल्यास, घ्यावा. ते ‘दुसरे कोणी’ बहुधा आपल्याच वर्गातील, धूळपाटीवर हात बसलेला विद्यार्थी असेल, आणि त्याने आपल्या सरांचा लेख अपुरा म्हणून नाकारला तरी तो त्याचा नियमसंमत अधिकार असेल.