ताराबाईसाहेबांच्या चरित्राचा उत्तरार्ध

महाराणी ताराबाईंचे बहुतेक चरित्रकार इ. स. १७०० ते १७०७ या सात वर्षांतच रमतात. औरंगजेबाशीं दिलेली झुंज थोर खरीच. परंतु बाई १७६१ पर्यंत हयात होत्या. पेशव्यास दूर करण्याचें नाकारितांच १७५० त रामराजास साताऱ्यास कैद करणाऱ्या व १७५२ त पेशव्यांशीं सलूख करणाऱ्या वृद्ध बाईंस केवळ 'कारस्थानी' ठरविणें आम्हांस मान्य नाहीं. हा शिक्का मुख्यत्वें पुण्याच्या पेशवे दफ्तरांतून, म्हणजे प्रतिपक्षाच्या लेखणींतून आला. एकट्या वादीच्या कैफियतीवर निवाडा होत नसतो. डॉ. आप्पासाहेब पवारांनीं संपादिलेलीं 'ताराबाईकालीन कागदपत्रें' शेजारीं ठेवूनच तें दफ्तर वाचावें. संग्राहकांनीं बाईंच्या शिक्क्याचें चिटोरेंही रद्दींत जाऊं देऊं नये, ही विनंति.