पुनर्दर्शन आणि प्रायश्चित्त : ‘पीपिंग टॉम’चे दोन अभिप्राय

कलाकृतीविषयीचे मत बदलणे ही समीक्षेच्या इतिहासातील नवलाची गोष्ट नव्हे. तो बदल उघडपणे मान्य करणे, आणि तेही वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ही मात्र विरळा घटना होय. लंडनच्या ‘संडे टाइम्स’च्या ज्येष्ठ चित्रपटसमीक्षक डिलिस पॉवेल यांनी मायकेल पॉवेल यांच्या ‘पीपिंग टॉम’ (१९६०) या भयपटाबाबत १९९४ साली हे केले. दोघांचे आडनाव एकच असले, तरी त्यांच्यात नाते नव्हते. एकेकाळी तिरस्करणीय वाटलेला हा चित्रपट श्रेष्ठ कलाकृती आहे, असे त्यांनी लिहिले. आणि मरणोत्तर जगात संभाषणाची मुभा असेल, तर दिग्दर्शकाला शोधून त्याची क्षमा मागणे आपले कर्तव्य ठरेल, अशी पुस्तीही जोडली. मायकेल पॉवेल १९९० मध्येच निवर्तले होते.

मूळ निषेध समजून घ्यावयाचा, तर त्या काळातील अपेक्षा ध्यानात घ्याव्या लागतात. एमेरिक प्रेसबर्गर यांच्यासमवेत ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) आणि ‘द रेड शूज’ (१९४८) हे चित्रपट निर्माण करणारा हा दिग्दर्शक रंग, संगीत व नृत्य यांच्या वैभवासाठी ख्यातकीर्त होता. हिमालयातील मठाचे दर्शन त्याने इंग्लंडमधील पाइनवुड स्टुडिओत घडविले होते. असा कलावंत एकाएकी मार्क लुईस या खुन्याची कथा सांगू लागला. मार्क स्टुडिओत कॅमेरा-साहाय्यकाचे काम करतो. तिवईच्या टोकदार पायाने स्त्रियांचे खून करतो, त्याच वेळी त्यांचे चित्रीकरण करतो, आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या आरशात त्यांना स्वतःचेच भय पाहावयास लावतो. ब्रिटिश समीक्षक जवळजवळ एकमुखाने खवळले. ‘ट्रिब्यून’च्या समीक्षकाने तर हा चित्रपट गटारात टाकून देण्याचा सल्ला दिला. चित्रपट लवकरच पडद्यावरून उतरला आणि ब्रिटिश चित्रपटसृष्टीतील पॉवेल यांची वाट जवळपास खुंटली.

हा क्षोभ केवळ सोवळेपणाचा होता, असे म्हणून चालणार नाही. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत त्याचे मर्म अधिक नेमके सांगता येते. भयानक रसाचे विवेचन करताना अभिनवगुप्त ‘अभिज्ञानशाकुंतला’तील बाणाच्या भीतीने पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतात. तेथील भय त्या हरणाचे राहत नाही, प्रेक्षकाचे स्वतःचेही होत नाही. ते साधारणीकृत होते, आणि म्हणूनच आस्वाद्य ठरते. ‘पीपिंग टॉम’ नेमकी हीच सोय नाकारतो. पहिला खून प्रेक्षक मार्कच्या कॅमेऱ्यातून पाहतो. शिकाऱ्याची दृष्टी त्याची स्वतःची होते. सुरक्षित अंतरावरून भयाचा आस्वाद घेण्यास आलेला रसिक आपण गुन्ह्यात सहभागी आहोत, या जाणिवेने अस्वस्थ होतो. १९६०च्या समीक्षकांनी ही अस्वस्थता अचूक अनुभवली. चूक झाली ती तिच्या उगमाच्या निदानात. प्रेक्षकाच्या पाहण्यावर ठेवलेला आरोप त्यांनी दिग्दर्शकाची विकृती म्हणून नोंदविला.

पुनर्दर्शनात निराळाच चित्रपट उलगडतो. मार्कचे वडील शास्त्रज्ञ; बालकांच्या मनातील भीतीचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी पोटच्या मुलावरच प्रयोग केले, अंथरुणात सरडा टाकला आणि त्याच्या घाबरण्याचे चित्रीकरण केले. पडद्यावर हा पिता मायकेल पॉवेल स्वतः आहेत, आणि लहानग्या मार्कच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा कोलंबा. दिग्दर्शकाने आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम स्वतःला उभे केले आहे. जे लिओ मार्क्स यांच्या पटकथेचा निर्लज्जपणा म्हणून वाचले गेले, ते वस्तुतः चित्रपटमाध्यमाचे आत्मपरीक्षण होते. मार्कच्या मनातील काळोख ओळखणारी व्यक्ती डोळस नाही. वरच्या मजल्यावरील त्याची पावले ऐकणारी श्रीमती स्टीफन्स अंध आहे, हेही दुसऱ्या वेळी पाहताना अर्थपूर्ण ठरते.

येथे एक साम्य लक्षात येते. पहिल्या खुनानंतर श्रेयनामावलीच्या वेळी मार्क आपल्या खोलीत तोच प्रसंग पडद्यावर पुन्हा पाहत बसलेला दिसतो. तोही पुनर्दर्शनच करतो. मात्र तो जे पाहतो, त्यात स्वतःला कधीच पाहत नाही. त्याला हवी असते केवळ भयाची अधिक परिपूर्ण प्रतिमा. समीक्षकाचे पुनर्दर्शन याच्या उलट असते, निदान असावयास हवे. कलाकृती तीच राहते, आणि तिच्यासमोर पाहणाराच तपासला जातो.

मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या पुढाकाराने १९७९च्या न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात ‘पीपिंग टॉम’ला नवे आयुष्य मिळाले होते. तेव्हा १९९४चे मतपरिवर्तन हे बदललेल्या अभिरुचीचे अनुसरण होय, असा आक्षेप घेता येईल. परंतु अभिरुचीचे अनुसरण करणारा क्षमा मागत नाही. तो मागचे मत विसरून जातो. डिलिस पॉवेल यांनी ते विसरले नाही, काळावरही ढकलले नाही. १९६०चा निषेध स्वतःच्या नावावर ठेवून त्या त्याला सामोऱ्या गेल्या.

मत बदलण्याचा अधिकार समीक्षकाला आहेच. त्याची किंमत मात्र बहुधा दुसराच कोणी मोजतो. चौतीस वर्षांनी समीक्षेला दृष्टी लाभली; दिग्दर्शकाची मधली वर्षे काही परत आली नाहीत. त्या क्षमायाचनेतील खंत आणि तिची थोरवी या विषमतेच्या जाणिवेत आहे.