चर्चेविना संमती : गोखले यांची अर्थसंकल्पीय भाषणे आणि संसदेचा वित्तीय अधिकार

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अर्थसंकल्पीय भाषणांकडे आपल्याकडे प्रामुख्याने वक्तृत्वाचा नमुना म्हणून पाहिले गेले. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांचे महत्त्व अन्यत्र आहे. २६ मार्च १९०२ रोजी गोखले केंद्रीय कायदेमंडळात अर्थसंकल्पावर प्रथम बोलले, तेव्हा मंडळाला त्यावर मतदानाचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने सभासदांना केवळ चर्चेची मुभा दिली होती. ठराव मांडता येत नसे. तरीही त्यांनी सरकारचेच आकडे घेऊन शिलकीचा अर्थ उलगडून दाखविला. रुपयाचा भाव वधारल्यावरही कराचे जुने ओझे कायम राहिले, म्हणून तिजोरी फुगली. ती प्रजेच्या समृद्धीची खूण नव्हे, हे त्यांचे प्रतिपादन होय. मिठावरील मणामागे अडीच रुपयांचा कर १९०३, १९०५ व १९०७ मध्ये उतरत एक रुपयावर आला. याचे सारे श्रेय गोखल्यांना देणे भाबडेपणाचे ठरेल. पण त्या चर्चेची दखल सरकारला घ्यावी लागली, हे निश्चित. तिची मर्यादाही पुढे उघड झाली. १९२३ मध्ये कायदेमंडळाने नाकारलेली मीठकराची दुप्पट वाढ व्हाइसरॉय रीडिंग यांनी विशेषाधिकाराने लागू केली.

ही वाट संविधानाने बंद केली. अनुच्छेद २६५ नुसार कायद्याच्या अधिकाराविना कर नाही. अनुच्छेद ११३ व ११४ नुसार लोकसभेने मागण्या संमत केल्याखेरीज व विनियोजन कायदा झाल्याखेरीज संचित निधीतून खर्च नाही. गोखल्यांना जे मिळाले नाही ते सारे येथे आहे. आणि १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सर्व मागण्या, विनियोजन विधेयक व वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना, सुमारे अर्ध्या तासात संमत केले. फेब्रुवारीत सर्वसाधारण चर्चा झाली होती, हे खरे. पण तीत खात्यावार मागण्यांची वा विधेयकातील कलमांची छाननी होत नसते. २०२३ मध्येही मागण्यांची तीच गत झाली.

छाननीअभावी काय निसटते? २०१८ च्या वित्त कायद्याने पेट्रोल व डिझेलवर लिटरमागे आठ रुपयांचा रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आला. त्याच वेळी रस्त्यांसाठीचा सहा रुपयांचा जुना अतिरिक्त कर रद्द झाला आणि मूळ उत्पादन शुल्क दोन रुपयांनी घटले. जाम चौरस्त्यावर टाकी भरणाऱ्या ट्रकचालकाच्या दृष्टीने बेरीज तीच राहिली. परंतु मूळ शुल्कात राज्यांचा वाटा असतो, तर अनुच्छेद २७० नुसार उपकर वाटपाबाहेर राहतो. म्हणजे लिटरमागे दोन रुपये राज्यांशी वाटून घ्यावयाच्या निधीतून बाहेर पडले. हा संघराज्याचा प्रश्न होता; सभागृहात तो चर्चेलाच आला नाही.

वेळ नव्हता, हा बचावही टिकत नाही. १९३१ च्या हंगामी करवसुली कायद्यानुसार १ फेब्रुवारीला मांडलेल्या विधेयकास ७५ दिवस, म्हणजे एप्रिलच्या मध्यापर्यंत अवधी होता. खर्चासाठी अनुच्छेद ११६ चे लेखानुदान उपलब्ध होते आणि अधिवेशन ६ एप्रिलपर्यंत चालावयाचे होते.