पडद्यामागचा क्लॅरिओनेट

चित्रपटगीताच्या जुन्या तबकडीवर गायक आणि संगीतकार यांची नावे वाचावयास मिळतात. अंतऱ्याआधी क्लॅरिओनेटवर चार सूर भरणारा वादक मात्र अनामिक राहतो. ग्रेगरी बूथ यांचा ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हा इंग्रजी ग्रंथ मुंबईच्या स्टुडिओंतील अशाच वादकांच्या मुलाखतींवर उभा आहे. त्यांतील कित्येक गोमंतकीय. स्वरलेखन वाचावयास ते चर्चच्या शाळांत शिकले. वादकाची कारकीर्द ही कलेइतकीच रोजगाराचीही कथा असते, हे बूथ दाखवितात. ग्रंथाचे मोल आम्हांस येथेच वाटते.

त्या रोजगारामागे साधना होती. बासरीवर जोराने फुंकले की षड्जाचा तार षड्ज होतो. क्लॅरिओनेटवर त्याच बोटांनी तार सप्तकातला पंचम निघतो. शिवाय चाव्यांच्या या वाद्यातून मींड काढावयाची, ती मुख्यतः ओठांच्या बळावर. मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटगीतांच्या धुना स्वतंत्रपणे वाजविल्या, म्हणून त्यांचे नाव तबकडीवर आले. वृंदात बसणाऱ्यास ते भाग्य लाभले नाही. पुढे सिंथेसायझर आला आणि कामही घटले.

गीताचे रसग्रहण करताना शब्द आणि चाल यांवरच थांबणे अपुरे आहे, असे आमचे मत आहे. साथीचा सूर वगळला तर गीत अर्धेच ऐकले जाते. सुरतेतील आपल्या जुन्या घरांतून तबकड्या अजून असतील. एखाद्या वादकाचे नाव खात्रीने ठाऊक असेल, तर ते वेष्टनावर लिहून ठेवावे.