घोंगडीची किंमत आणि विणणाऱ्याची



निरवांगीत या विषयावर बोलायचं म्हणजे मला थोडी धाकधूक वाटते. पुण्याच्या सभागृहात 'नैतिक' हा शब्द उच्चारला की श्रोते मान डोलावतात. इथे समोर मेंढरं राखलेली माणसं बसली आहेत. लोकर विकून काय मिळतं, असं त्यांना विचारलं तर ती हसतील. (हशा) बघा, हसलीच. हाताने आणि न्यायाने बनवलेल्या घरगुती वस्तू इंटरनेटवर विकणारी छोटी दुकानं आज पुष्कळ झाली आहेत. त्यांची तपासणी करायची तर ती अशाच गावात करावी, म्हणून मी हा विषय इथे घेतला.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. दोन हिवाळ्यांपूर्वी मी अशाच एका दुकानातून घोंगडी मागवली. पानावर विणकराचा सुरेख फोटो होता. उन्हात बसलेला म्हातारा, सुरकुतलेले हात. खाली लिहिलं होतं की ही घोंगडी नैतिक पद्धतीने बनवली आहे आणि तिच्या धाग्याधाग्यात परंपरा आहे. घोंगडी आली. तिला मेंढराचा वास होता. आता तो असणारच, गुलाबाचा कुठून येणार? ती टोचत होती. नातवाने ती लाथेने बाजूला केली आणि मी मोबाईलवर 'परत करा' हे बटण दाबलं. चार दिवसांत पैसे परत मिळाले. तीस वर्षं वर्गात कांट शिकवलेला माणूस मी, आणि त्या चार दिवसांत माझ्या मनात एकदाही आलं नाही की ती घोंगडी आता कुणाच्या अंगावर पडली असेल.

पुढे योगायोगाने कळलं. परत आलेला नग विणकराकडे धाडला जातो आणि त्याचे पैसे पुढच्या बिलातून वळते केले जातात. दुकानाचं नाव मी घेत नाही. बटण मी दाबलं होतं.

आज मला टीका करायची आहे ती या दुकानांच्या भाषेवर. ती सगळी पानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. विणकराची गोष्ट असते, गावाची गोष्ट असते, शेकडो वर्षांची परंपरा तर असतेच. हिशेब मात्र नसतो. सूत कातणाऱ्या बाईला किती मिळाले, कधी मिळाले, माल पडून राहिला तर कोण बुडालं, हे तीन ओळींत लिहिता येतं. पण लिहिलेलं क्वचित दिसतं. गोष्ट हिशेबाची जागा घेते आणि गिऱ्हाईक गोष्टीवर समाधान मानतं. मीही मानलं होतं.

शहरातून ऐकणाऱ्यांसाठी घोंगडीत काय काय जातं ते सांगतो. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि भरड, बरीचशी काळी. वर्षातून साधारण दोनदा कातरणी होते. कोकराच्या पहिल्या कातरणीला जावळ म्हणतात. ती मऊ, म्हणून तिच्या घोंगडीला मान. मग लोकर निवडायची, पिंजायची आणि चरख्यावर कातायची. हे कातणं बहुतेक बायकांचं. नंतर ताणा लावून त्याला चिंचोक्याची खळ कुंच्याने चोळायची, म्हणजे सूत ताठ राहतं. ते उन्हात वाळवायचं आणि मग मागावर घ्यायचं. विणणारे सणगर, काही ठिकाणी खुटेकर धनगर. आता फोटो कुणाचा निघतो? मागावर बसलेल्याचा. कारण माग दिसायला छान. कातणं चांगलं दिसत नाही. पाय पसरून भिंतीला टेकलेली बाई आणि एकच हालचाल हजार वेळा. सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम तेच, आणि पानावर ते एका शब्दात उरकतं: 'हातसूत'. जुन्या व्यवस्थेबद्दल मी गळा काढतोय असं समजू नका. तिथेही घरच्या बाईचं कातणं काम म्हणून धरलंच जात नसे. विणकराच्या नावावर ते खपून जायचं. नव्या दुकानाने फक्त फोटो चांगला काढला.

आता थोडं तत्त्वज्ञान. थोडंच, घाबरू नका. कांटने १७८५ च्या पुस्तकात भेद केला की एखाद्या गोष्टीला एक तर किंमत असते, नाही तर प्रतिष्ठा. जिच्या जागी समान मोलाचं दुसरं काही ठेवता येतं तिला किंमत. जे कशाच्याही बदल्यात देता येत नाही त्याला प्रतिष्ठा, आणि ती माणसाची. लोक विसरतात ते पुढचं. कामातलं कौशल्य आणि मेहनत यांना बाजारभाव असतो, असंही कांट तिथेच म्हणतो. म्हणजे हाताने केलं म्हणून वस्तू पवित्र होत नाही. घोंगडीला किंमत आहे, खुशाल लावा, चढी लावा. प्रतिष्ठा विणणाऱ्याला आहे. ऑनलाइन पानावर नेमकं उलटं झालेलं दिसतं. घोंगडीला प्रतिष्ठा, तिला 'वारसा' म्हणायचं, तिच्यापुढे हात जोडायचे. आणि विणणाऱ्याला किंमत, तीही नगावर. घोंगडी परत आली तर कापायची.

यावर एक जण म्हणेल की निदान विकतात तरी. खरं आहे. इथल्या मेंढपाळाला आज पैसा मिळतो तो कोकरांतून आणि शेतात मेंढरं बसवण्यातून. लोकरीचं ओझं झालंय. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावातून भागत नाही, म्हणून कित्येकदा ती फेकून दिली जाते. नीरा डाव्या कालव्याने ऊस आणला आणि चराईची रानं गेली. जतच्या बाजूची माडग्याळ मेंढी लोक पाळू लागले ती मांसासाठी, तिच्या अंगावर कामाची लोकर जवळजवळ नसतेच. नदीपलीकडे फलटणच्या निंबकर संस्थेने जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' घडवली, तीही कोकरांसाठीच. मेंढपाळाच्या बाजूने यात चूक काहीच नाही. पण दरवर्षी तुकोबांची पालखी काटेवाडीला आली की पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं आणि हजारो मोबाईल वर जातात. मेंढी एवढी लाडकी, आणि तिच्या पाठीवरची लोकर उकिरड्यावर. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सुरेश एरियत यांच्या 'देसी ऊन' या छोट्या चित्रपटाला फ्रान्समधल्या अ‍ॅनसीच्या महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. दख्खनी लोकरीचीच कथा, आणि चित्रं हलवली आहेत तीही लोकरीचीच. चित्रपट मला आवडला. पण पाहून उठलो तेव्हाही मनात प्रश्न तोच होता, कातणारीच्या हातात काय पडलं?

हा प्रश्न मी शोधलेला नाही. चरखा संघ १९२५ मध्ये निघाला. दहा वर्षांनी, १९३५ मध्ये, गांधीजींनी आग्रह धरला की कातणारीला पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे. संघातलेच कार्यकर्ते घाबरले की खादी महागेल आणि खप पडेल. त्यांची भीती खोटी नव्हती. तरी मजुरी वाढवायचं ठरलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दहा वर्षं खादी 'नैतिक' म्हणून विकली जात होती आणि कातणारी तोवर अर्धपोटीच होती. शब्द खरा होता, देशासाठी तो पवित्र होता, आणि तरी त्याच्या आत हे चाललं होतं.

आता कायदा बघा. १९८५ च्या हातमाग आरक्षण कायद्याखाली ज्या वस्तू फक्त हातमागासाठी राखल्या आहेत त्यांत कांबळंही आहे. हातमाग खूण २००६ पासून आहे. ती कापड हातमागावर विणलं एवढंच सांगते, पैसे कधी दिले ते नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम घातले की 'नैसर्गिक', 'सेंद्रिय', 'पर्यावरणपूरक' असं म्हणायचं तर आधार दाखवा. चांगलं झालं. पण हे नियम पर्यावरणाच्या दाव्यांपुरते. झाडाबद्दल बोललात तर पुरावा द्या, बाईबद्दल बोललात तर फोटो चालेल, असा प्रकार झाला. युरोपात १९८८ मध्ये 'मॅक्स हाव्हेलार' नावाची खूण निघाली, १८६० च्या एका डच कादंबरीच्या नावावरून. त्या चळवळीतून पुढे जे नियम झाले त्यांत उत्पादकाला आगाऊ रक्कम मागता येते. या एका कलमाला मी दहा सुंदर फोटोंपेक्षा जास्त मानतो.

माझी एक विद्यार्थिनी असं दुकान चालवते. घोंगड्या, आसनं, उशांचे अभ्रे. दुकान एकटीचं, घरातल्या एका खोलीतून. मी हे सगळं तिला ऐकवलं तेव्हा ती चिडली. म्हणाली, "सर, तुम्हाला पेन्शन आहे. कुरिअरवाला परतीचेही पैसे घेतो, वेबसाईटवाला आपला वाटा आधी कापतो, पॅकिंग माझं, जाहिरात माझी. आगाऊ पैसे मी कुठून देऊ?" तिचं बरोबर होतं. छोटं दुकान मोठ्या बाजाराच्या अटींवर उभं आहे. फुकट परतीची सवय मोठ्या कंपन्यांनी लावली आणि तिचा भार झिरपत झिरपत मागापर्यंत येतो. मी गप्प बसलो. आठवड्याने तिचाच फोन आला. तिने दोन गोष्टी बदलल्या होत्या. सुतासाठी निम्मे पैसे आधी द्यायचे, म्हणून माल कमी ठेवायचा आणि ऑर्डर आल्यावरच विणायला सांगायचं. गिऱ्हाईक महिनाभर थांबेल, नाही तर जाईल. आणि पानावर वरच लिहिलं: ही घोंगडी टोचते, हिला वास येतो, काही दिवस उन्हात ठेवा, टोचते म्हणून परत घेणार नाही.

ऑर्डर कमी झाल्या का? झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. दुकान टिकेल की नाही, तिलाही माहीत नाही. तिने 'नैतिक' हा शब्द पानावरून काढून टाकला. मी विचारलं का, तर म्हणाली, त्याची आता गरज वाटत नाही, आणि तो ठेवला तर लोक बाकीचं वाचत नाहीत.

मी तिच्याकडून एक घोंगडी घेतली, महिनाभर थांबून. जावळाची नाही, साधीच.

आता प्रश्न घेऊ. मागे भिंतीपाशी दोघी मावशी बसल्यात, त्यांनी आयुष्यभर सूत कातलंय. आधी त्यांना बोलू द्या. माझं कुठे चुकलं असेल तर त्याच सांगतील.