ख्रिस्तपुराणातला आदर : किती खरा, किती आपण लादलेला?

मंडळाच्या बैठकीत ख्रिस्तपुराणावर बोलायची पाळी आली तेव्हा मी मराठीच्या स्तुतीच्या ओव्यांपासूनच सुरुवात केली. बहुतेक सगळे तसंच करतात. बोलणं संपल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी एवढंच विचारलं, “भाषेचा आदर समजला. पण ही भाषा ज्यांची, त्यांच्या धर्माचा आदर केला का पाद्रीबाबांनी?” मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. मी स्वतः ख्रिस्ती, श्रद्धेनं ख्रिस्ती. त्यामुळे तो प्रश्न मला जरा जास्तच लागला. हे त्याचं उशिरा दिलेलं उत्तर.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली इथेच वारले. त्यांचं बरंचसं आयुष्य सासष्टीत गेलं. सुमारे अकरा हजार ओव्यांचं त्यांचं पुराण १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा निघालं, पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. १९०७ साली मंगळूरला निघालेली सालढाणांची आवृत्ती आणि लंडनमधलं देवनागरी हस्तलिखित, यांच्यावरच आपली मुख्य भिस्त आहे.

आता काळ बघा. १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन. १५६७ साली सासष्टीतली देवळं पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या प्रमुखांना ठार केलं गेलं. पुराणाच्या आरंभी नवख्रिस्ती लोक पाद्रीगुरूला विनवतात, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काहीतरी द्या. हा प्रसंग आपण कौतुकानं सांगतो, पण त्यात एक मोठी हानी नोंदलेली आहे, ती विसरतो. पुराण दिलं गेलं, कारण पुराणं आधी काढून घेतली होती.

ग्रंथाच्या आत शिरलं की चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतात. ओवी, ‘अवस्वरु’, श्रोत्यांचे प्रश्न, गुरूची उत्तरं, सगळा थाट पुराणिकाचा. काही अभ्यासक यात समन्वय बघतात. मला तो तेवढा दिसत नाही. वैकुंठ हा शब्द ठेवला, पण वैकुंठीचा राणा बाहेरच राहिला. मूर्तिपूजेचा निषेध तर ग्रंथात आहेच. शिवाय देवनागरी हस्तलिखितात संस्कृत शब्द जास्त आहेत आणि मंगळूर प्रतीत पोर्तुगीज शब्द जास्त. तेव्हा एकाच प्रतीतले शब्द वेचून लेखकाच्या मनाबद्दल निकाल देणं धोक्याचं आहे.

दुसऱ्या बाजूचे लोक याला ‘फसवणूक’ म्हणतात, तेही मला पटत नाही. तुलनेला एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचं सेंट पीटरवरचं पुराण घ्या. तेही स्टीफन्सनंतर काही वर्षांनी आलेलं, मराठी ओव्यांतलंच. पण त्याचा मोठा भाग हिंदू देवांचं खंडन करण्यात खर्ची पडला आहे. स्टीफन्सचा भर आपली कथा रसाळ सांगण्यावर. फसवायला निघालेला माणूस भाषेवर एवढा जीव लावत नाही. म्हणूनच गोव्या-मंगळूरकडच्या ख्रिस्ती घरांत उपासकाळात या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या. प्रेम खरं होतं, पण ते भाषेवर आणि माणसांवर होतं. त्यांच्या देवांपाशी आलं की ते थांबायचं.

मग माझ्यासारख्यानं काय करायचं? व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनं १९६५ साली स्पष्ट म्हटलं, की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. स्टीफन्सना हे वाक्य लिहिता आलं नसतं. साडेतीनशे वर्षांनंतरचं शहाणपण त्यांच्या खात्यावर जमा करणं हा त्यांच्यावरही अन्याय, आणि ज्यांची देवळं गेली त्यांच्यावरही. माझी येशूवरची श्रद्धा खरी ठरायला शेजाऱ्याची श्रद्धा खोटी असावी लागत नाही, हे मला ख्रिस्तपुराणानं शिकवलं नाही. ते मला कुंकळ्ळीच्या छत्र्योत्सवात कळलं. फातर्प्याला हलवलेली देवी वर्षातून एकदा आपल्या जुन्या गावी येते, आणि बारा वांगडांच्या बारा छत्र्यांबरोबर हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही चालतात. धर्म बदलला तरी गावकीचं नातं तुटलं नाही.

स्टीफन्सकडून घ्यायचं ते एवढं, की दुसऱ्याची भाषा त्यात काव्य करता येईल इतकी शिकावी. पुढची पायरी आपली आपण चढायची. सासष्टीतल्याच केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ साली कृष्णचरित्र ओवीबद्ध करायला घेतलं होतं. ते मी आता वाचतो आहे, तुलनेसाठी नाही, शेजाऱ्याला ते प्रिय आहे म्हणून. त्या ज्येष्ठ सभासदांना माझं उत्तर असं : नाही, त्यांनी धर्माचा आदर केला नाही. तो करायचं काम आपल्यासाठी उरलं आहे.